सिलिकॉनवर कायटोसानचा थर टिकत नाही, पापुद्रे सुटतात

अंबडकर_पॉलिमर: नमस्कार मंडळी. नाशिकमध्येच, कॅथेटरसाठी पेशींना मानवेल असा सिलिकॉनचा पृष्ठभाग करायचा आहे. शीटला ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) 1 मिनिट, मग 1% ॲसिटिक ॲसिडमधल्या 1% कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) बुडवून वाळवतो. पाण्याचा संपर्ककोन (थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन; जास्त असला की पृष्ठभाग पाणी झटकतो) 110 अंशांच्या आसपास असतो तो निम्म्यावर येतो, पण पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं फॉस्फेटचं खारं द्रावण) 37 अंशांना ठेवलं की थर सुटतो. काय बदलू?

गोदाकाठ: थर धरून ठेवणारा रासायनिक बंधच नाही तिथे. शिवाय आतले न जुळलेले छोटे सिलोक्सेन रेणू (सिलिकॉनचेच सुटे तुकडे) वर झिरपतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. आधी शीट 24 तास हेक्झेनमध्ये ठेवा, मधे हेक्झेन बदला. ती चांगलीच फुगते. एकदम वाळवली तर तडकते, म्हणून इथेनॉलचं प्रमाण हळूहळू वाढवत न्या आणि मग 60 अंशांना वाळवा. प्लाझ्मा 1 मिनिटाच्या वर नको, काचेसारखा ठिसूळ थर बनून त्याला तडे जातात. लगेच 95% इथेनॉलमधलं 2% एपीटीईएस (सिलिकॉनला धरून वर अमाइन गट देणारं रसायन), 15 मिनिटं. इथेनॉलने धुऊन 80 अंशांना 1 तास. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एपीटीईएसची बाटली उघडी राहिली की ते खराब होतं. द्रावण गढूळ दिसलं तर सरळ टाकून द्या, तो गाळ पृष्ठभागावर बसला की पुढचं सगळं त्याच्यासकट निघतं. नंतर पीबीएसमधलं 2.5% ग्लुटराल्डिहाइड (अमाइन गट एकमेकांना जोडणारं रसायन) 1 तास, धुवा, आणि 0.5% कायटोसान रात्रभर. पीएच 5 ते 5.5 ठेवा, 6.5 च्या वर कायटोसान साकळतं.

थर_पातळच_हवा: वरचं सगळं बरोबर, पण कायटोसान वाळवू नका! वाळलेला जाड थर पाण्यात फुगतो, खालचं सिलिकॉन फुगत नाही, म्हणून तो सोलला जातो. बांधला गेलेला थर डोळ्यांना दिसतही नाही. 1% ॲसिटिक ॲसिडमध्ये हलवत धुवा, सुटायचं ते तिथेच सुटू दे. ग्लुटराल्डिहाइडचे उरलेले आल्डिहाइड गट 0.1 मोलर ग्लायसिनने बुजवा. ही पायरी गाळली की आयएसओ 10993-5 च्या (पेशींवरच्या विषारीपणाच्या) चाचणीत एल929 पेशी (उंदराच्या, चाचणीसाठी वाढवलेल्या) मरतात आणि दोष कायटोसानला लागतो. अमाइन गट टिकलेत का ते ऑरेंज टू रंगाने पीएच 3 ला तपासा. नुसत्या संपर्ककोनावर विसंबू नका.

सातपूर_लॅब: कॅथेटर रक्तवाहिनीतला की मूत्रमार्गातला? रक्ताशी संबंध असेल तर कायटोसान वरच्या थराला नकोच. त्याच्या धन भारामुळे प्लेटलेट चिकटतात, म्हणून तर ते रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत वापरतात. तिथे एपीटीईएसवर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) बांधा, ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी, पीएच 5.5 च्या एमईएस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण).

अंबडकर_पॉलिमर: मूत्रमार्गातला. निर्जंतुक कसं करावं?

सातपूर_लॅब: मग कायटोसान चालेल, पण लघवीचा पीएच 6.5 च्या वर गेला की त्याचा भार आणि जंतुरोधक गुण दोन्ही उतरतात, म्हणून चाचणी कृत्रिम लघवीत घ्या, पीबीएसमध्ये नको. गॅमा किरणांनी कायटोसानच्या साखळ्या तुटतात. इथिलीन ऑक्साइड बरं, फक्त सिलिकॉन तो वायू शोषून ठेवतं, तेव्हा वायू निघून जायला पुरेसा वेळ द्या आणि पेशींची चाचणी निर्जंतुक केलेल्या तुकड्यांवरच करा.