लॅपटॉपच्या सेटिंगमधून वाय-फायचा पर्यायच नाहीसा झाला आहे. फॉरमॅट करावे का?

ओसरी (प्रश्न):

नमस्कार. माझ्याकडे २०१८ साली घेतलेला, विंडोज १० असलेला लॅपटॉप आहे आणि गेल्या आठवड्यापासून त्यावरचे वाय-फाय सुरू होत नाही. सुरू होत नाही म्हणजे नेमके काय होते, ते नीट सांगतो. घड्याळाशेजारी जेथे वाय-फायचे चिन्ह असायचे, तेथे आता पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह दिसते. सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडले की डावीकडे इथरनेट, डायल-अप, व्हीपीएन, एअरप्लेन मोड हे सर्व पर्याय दिसतात. मात्र पूर्वी तेथेच असलेली 'वाय-फाय' ही ओळ दिसत नाही. त्यामुळे बटण बंद आहे असेही म्हणता येत नाही, कारण बटणच उरलेले नाही. कीबोर्डच्या वरच्या रांगेत अँटेनाचे चित्र असलेली कळ आहे. ती एकटी आणि एफएन कळीबरोबर, अशी दोन्ही प्रकारे दाबून पाहिली, पण काहीही बदलले नाही. घरातील मोबाइल मात्र त्याच राउटरवर व्यवस्थित चालतात.

गावातील एका दुकानात दाखवले असता, विंडोज पुन्हा टाकावे लागेल आणि त्यानेही झाले नाही तर मदरबोर्ड बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. या लॅपटॉपवर आमच्या शाळेच्या बऱ्याच वर्षांच्या निकालपत्रकांच्या फाइली आहेत, त्यामुळे फॉरमॅट हा शब्द ऐकूनच धास्ती वाटते. दुसरा काही मार्ग आहे का?

जोडणी (प्रतिसाद):

फॉरमॅट करू नका, निदान आता तरी नाही. आपण लक्षणे फार व्यवस्थित लिहिली आहेत आणि त्यावरूनच बरेच काही कळते. 'वाय-फाय चालत नाही' या एकाच तक्रारीमागे निरनिराळी दुखणी असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. वाय-फायचे बटण दिसते पण बंद आहे किंवा करडे झाले आहे, तर रेडिओ बंद केला गेला आहे असे समजावे. म्हणजे एअरप्लेन मोड, अँटेनाची कळ, किंवा जुन्या लॅपटॉपच्या कडेला असणारी सरकपट्टी तपासावी. बटण सुरू आहे, जोडणीही झाली आहे, पण इंटरनेट येत नाही, तर दोष बहुधा राउटरकडे, त्याच्या पलीकडच्या फायबरकडे किंवा आयपी पत्त्याच्या वाटपात असतो. आपले प्रकरण या दोन्हींत बसत नाही. सेटिंगमधून ती ओळच जाते, तेव्हा विंडोजला वाय-फायचे कार्ड दिसत नाही किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, उभा राहत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी राउटर बंद-चालू करणे किंवा पासवर्ड बदलणे हा केवळ वेळेचा अपव्यय आहे.

सर्वप्रथम लॅपटॉप खऱ्या अर्थाने बंद करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. तीमुळे आपण 'शट डाउन' म्हटले तरी ड्रायव्हरांची त्या क्षणाची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. अर्थात अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही अडकलेलाच उठतो. म्हणून शिफ्ट कळ दाबून धरून 'शट डाउन' निवडावे. त्यानंतर चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला भार उतरतो. काही कार्डे एवढ्यानेच परत दिसू लागतात.

तरीही ओळ परत आली नाही, तर स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, 'नेटवर्क अडॅप्टर्स' हा गट पसरवा आणि तेथे काय दिसते ते जसेच्या तसे येथे लिहा. नावात 'वायरलेस' किंवा 'वाय-फाय' असलेली ओळ आहे का, तिच्यावर खाली वळलेला छोटा बाण आहे की पिवळा त्रिकोण आहे, हे पाहा. बाण असेल तर कोणी तरी उपकरण निष्क्रिय केले आहे आणि उजवी टिचकी मारून 'एनेबल' केले की काम संपले. त्रिकोण असेल तर त्या ओळीवर दोनदा टिचकी मारल्यावर एक कोड दिसेल, तो महत्त्वाचा आहे. गटात अशी ओळच नसेल तर वरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडून पुन्हा पाहा.

ओसरी:

आपण सांगितल्याप्रमाणे शिफ्ट दाबून बंद केला, पॉवरचे बटणही दाबून धरले. फरक पडला नाही. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायरलेस अशी ओळ नव्हती. लपलेली उपकरणे दाखवल्यावर मात्र ती फिकट रंगात दिसली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली असता, हे उपकरण सध्या संगणकाला जोडलेले नाही, अशा अर्थाचे वाक्य आणि कोड ४५ असे दिसले. आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. मागील महिन्यात लॅपटॉपची एक बिजागरी सैल झाल्याने झाकण उघडताना कडकड आवाज येत होता, तेव्हा ती बदलून घेतली होती. त्यानंतर काही दिवस वाय-फाय चालत होते, पण पूर्वीपेक्षा कमकुवत. स्वयंपाकघरात नेले की तुटत असे. त्याचा याच्याशी संबंध असू शकेल का?

तारायंत्र (प्रतिसाद):

संबंध असण्याची दाट शक्यता आहे आणि बिजागरीची ही माहितीच या प्रश्नाची किल्ली आहे, असे मला वाटते. मी लॅपटॉप दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोड ४५ चा अर्थ असा की विंडोजला हे कार्ड पूर्वी माहीत होते, त्याची नोंद शिल्लक आहे, परंतु आता ते कार्ड उत्तर देत नाही. ड्रायव्हर नसता तर सहसा कोड २८ आला असता आणि उपकरण निष्क्रिय केलेले असते तर कोड २२. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून येथे काही साधेल असे वाटत नाही. जे कार्ड जुन्या विंडोजला दिसत नाही, ते नव्या विंडोजलाही दिसणार नाही. याची खात्री फाइलींना धक्का न लावता करता येते. ओळखीच्या कोणाच्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली, तयार करून घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' हा पर्याय निवडा. तेथे काहीही इन्स्टॉल करू नका. उबुंटूमध्ये वाय-फायची नावे दिसली तर कार्ड शाबूत आहे आणि दोष विंडोजच्या बाजूचा आहे. तेथेही दिसली नाहीत तर लॅपटॉप उघडूनच पाहायला हवे.

उघडल्यावर काय दिसते ते सांगतो, म्हणजे दुकानात आपल्याला नेमके बोलता येईल. आपल्या लॅपटॉपच्या वयाचा विचार करता वाय-फायचे कार्ड एम.२ प्रकारचे, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असावे. ते एका खाचेत तिरके घालून खाली दाबलेले असते आणि दुसऱ्या टोकाला एकाच स्क्रूने बसवलेले असते. तो स्क्रू दुरुस्तीच्या वेळी ढिला राहिला तर कार्ड किंचित वर उचलले जाते, संपर्क अधूनमधून तुटतो आणि एके दिवशी पूर्णच सुटतो. आपले वर्णन याच्याशी जुळते. कार्डावर बहुधा दोन बारीक तारा टोचलेल्या असतात, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी. त्या तारा बिजागरीजवळून वर झाकणात जातात, कारण बहुतेक लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या कडेला बसवलेले असतात. बिजागरी बदलताना या तारा बाजूला काढाव्या लागतात आणि परत बसवताना एखादी चिमटली जाणे किंवा तिचे टोक कार्डावर नीट न बसणे, हा नेहमीचा अनुभव आहे. तार सुटली की कार्ड दिसते, जोडणीही होते, पण पल्ला घटतो. आपल्या स्वयंपाकघरात तेच झाले असावे. अर्थात केवळ तार सुटल्याने कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून नाहीसे होत नाही. म्हणून येथे तार आणि कार्डाची बैठक, दोन्ही तपासायला हवे.

दुकानात एवढेच सांगा की मागचे झाकण उघडून वाय-फाय कार्ड काढून पुन्हा बसवावे, त्याचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत आणि दोन्ही तारांची टोके सरळ वरून दाबून बसवावीत. टोक बसले की बोटाला टक् असे स्पष्ट जाणवते. तिरके दाबल्यास ते टोक मोडते आणि मग पूर्ण तार बदलावी लागते. हे काम स्वतः करायचे असल्यास आधी बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय आत कशालाही हात लावू नये. शक्य असेल तर दुरुस्ती आपल्या समोर करून घ्या. मदरबोर्डचा विषय यानंतर, आणि तोही दुसरे चालू कार्ड त्या खाचेत लावून पाहिल्यावरच काढावा.

कार्डच गेले असेल तर नवे घेताना एक काळजी घ्या. बाहेरून अगदी सारखी दिसणारी दोन प्रकारची कार्डे बाजारात असतात. त्यांतील एका प्रकारात वाय-फायचे अर्धे काम प्रोसेसरच्या बाजूला असते, त्यामुळे ते ठरावीक लॅपटॉपांतच चालते. इंटेलचे एएक्स२०१ या प्रकारातले आहे, तर एएक्स२०० हे स्वयंपूर्ण कार्ड आहे. जुने कार्ड बरोबर नेऊन जोडी जुळवून घेणे उत्तम.

जोडणी:

तारायंत्र यांचे निदान मला पूर्ण पटते. तोपर्यंत काम अडत असेल तर मोबाइल डेटा केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेथरिंग' सुरू करा. अँड्रॉइड मोबाइल स्वतः वाय-फायवर असला तरी बहुतेक वेळा तेच इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळते, त्यामुळे मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. विंडोजला ही जोडणी इथरनेटसारखी दिसते, वाय-फायच्या कार्डाची गरजच पडत नाही. मात्र पहिले काम म्हणून निकालपत्रकांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉप दुकानात जाणार आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

पैलतीर (प्रश्न):

या धाग्यातच विचारतो, कारण विषय जवळचा आहे. मुलीने अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप पुण्यात आमच्या घरी आहे. वाय-फायचे बटण आहे, ते सुरू आहे, शेजाऱ्यांच्या जोडण्यांची नावे दिसतात, पण आमच्याच घरातील राउटरचे नाव दिसत नाही. मोबाइलवर ते दिसते. कधी कधी राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की लॅपटॉपवरही दिसते आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा जाते. हाही कार्डाचाच दोष म्हणावा का?

जोडणी:

नाही. ज्या कार्डाला शेजाऱ्यांची नावे दिसतात, ते काम करत आहे. आपल्या वर्णनातील शेवटचे वाक्य फार बोलके आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ क्रमांकांची चॅनेल वापरता येतात, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांत साधारणपणे १ ते ११ एवढीच उघडी ठेवलेली असतात. आपला राउटर 'ऑटो' वर असेल तर तो सुरू होताना किंवा अधूनमधून स्वतःच चॅनेल निवडतो. तो १२ किंवा १३ वर गेला की येथे घेतलेल्या मोबाइलला दिसतो, पण त्या लॅपटॉपच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. राउटरच्या पानावर जाऊन २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल 'ऑटो' ऐवजी १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्के करा. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून निवड त्यांतूनच करावी. शेजारी कोणत्या चॅनेलवर गर्दी आहे, हे मोबाइलवरील एखाद्या वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये पाहता येईल.

याने झाले नाही तर राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर, ठेवलेली नाही ना, हेही पाहावे, कारण जुन्या कार्डांना ती जमत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचे मिश्रण ठेवल्यास दोन्ही चालतात. परंतु त्या दोषात नाव सहसा दिसते आणि जोडणी अडते, म्हणून माझा रोख चॅनेलवरच आहे.

पैलतीर:

राउटर १३ वर होता. ६ वर पक्का केल्याबरोबर नाव दिसले आणि पासवर्ड न विचारता लॅपटॉप आपोआप जोडला गेला. मनःपूर्वक आभार.

ओसरी:

उबुंटूच्या पेनड्राइव्हवरूनही वाय-फाय दिसले नाही, म्हणून फाइलींची प्रत काढून घेतली आणि दुसऱ्या दुकानात समोर बसून लॅपटॉप उघडून घेतला. कार्डाचा स्क्रू जागेवर नव्हताच. कार्ड खाचेतून तिरके वर आले होते आणि पांढरी तार कार्डाशेजारी मोकळी पडली होती. कार्ड पुसून बसवले, स्क्रू लावला, दोन्ही तारा दाबल्या आणि विंडोज सुरू होताच 'वाय-फाय' ही ओळ परत आली. आता स्वयंपाकघरातही जोडणी टिकते. मात्र झाकण मिटून काही वेळाने उघडले की वाय-फाय तुटलेले असते आणि परत जोडले जायला मिनिटभर लागते. त्यासाठी काही करावे लागेल का?

तारायंत्र:

उत्तम झाले. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपेत जातो आणि विंडोज वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करते, त्यामुळे उठताना थोडा वेळ लागणे स्वाभाविक आहे. मिनिटभर हा मात्र जास्त वेळ आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणाऱ्या चौकटीतील खूण काढून टाका. ते पान आपल्या लॅपटॉपवर नसेल किंवा खूण काढूनही फरक पडला नाही, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा वायरलेस ड्रायव्हर उतरवून बसवा. ड्रायव्हर इतर कोणत्याही संकेतस्थळावरून किंवा 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणवणाऱ्या फुकट प्रोग्रॅममधून घेऊ नये.