ऑस्ट्रेलियातला २००७ चा 'हस्तक्षेप': दारूबंदी ठीक, पण कोणाच्या शब्दावर?

दक्षिणवारा: २१ जून २००७ ला पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात आणीबाणी जाहीर केली. निमित्त होतं बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या चौकशी अहवालाचं. रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांच्या त्या अहवालात ९७ शिफारशी होत्या. पहिल्याच शिफारशीत मूलनिवासींना विचारून पावलं उचला असा आग्रह होता. सरकारने विचारलं नाही. मूलनिवासींच्या ७३ वस्त्यांवर दारूबंदीसारखे नियम सरसकट लादले आणि ते टिकावेत म्हणून १९७५ चा वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला. धोरण फसलं ते इथेच.

ओसाडवाट: मग २०२२ चं काय? तोवर वस्त्या आपोआप दारूमुक्त होत्या. जुलैत केंद्राचा कायदा संपला आणि उलटं झालं: दारूबंदी हवी असेल तर अर्ज करा! पिणाऱ्याच्या घरात राहून असा अर्ज कोण करणार? त्याच प्रदेशातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्स शहरात मारहाणी वाढल्या. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधान तिथे गेले. सोमवार-मंगळवार घरी न्यायची दारू बंद, बाकी दिवशी ३ ते ७, माणशी एकच खरेदी. फेब्रुवारीत वस्त्या पुन्हा कोरड्या.

दक्षिणवारा: पण या वेळी बाहेर पडायची वाट ठेवलीय: वस्तीने स्वतःचा आराखडा करायचा आणि ६० टक्के प्रौढांची संमती मिळवायची. २००७ ला हेच करता आलं असतं. कित्येक वस्त्या त्याआधीच स्वतःच्या मर्जीने कोरड्या होत्या. त्यांच्याही वेशीवर 'दारू नाही, अश्लील साहित्य नाही' असे निळे फलक ठोकले.

ओसाडवाट: फलक लाजिरवाणे होते, कबूल. पण बेसिक्सकार्डाला, म्हणजे सरकारी भत्त्याचा काही भाग ठरावीक खरेदीसाठीच राखून ठेवणाऱ्या कार्डाला, सरसकट शिव्या नकोत. निम्मा भत्ता त्यात अडकला की 'हंबगिंग' करणाऱ्या, म्हणजे पैशांसाठी मागे लागणाऱ्या नातलगाला बाई सांगू शकते, 'माझ्या हातात नाहीये रे.'

दक्षिणवारा: आणि मान्यताप्राप्त दुकान सोडून ते कुठे चालत नाही. शिल्लक थोडी कमी पडली की व्यवहार नाकारला जातो. मागे रांग, आणि बाई दूध परत करू की पीठ, अशी उभी. २०१४ च्या मूल्यमापनात सक्तीच्या कार्डाने खर्चाच्या सवयी सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांना हवं त्यांच्यासाठी २०१० पासून ऐच्छिक योजना होतीच.

ओसाडवाट: होती, आणि सलग २६ आठवडे राहिलं की २५० डॉलर बक्षीसही. त्याला ऐच्छिक म्हणायचं तर म्हणा.