गणपतीची सोंड, पोटावरचा नाग आणि मूलाधार

प्रश्न (मालवण): चित्रशाळेत शाडूची मूर्ती सांगायची आहे. सोंडेचा इडा-पिंगळेशी, म्हणजे योगातल्या डाव्या-उजव्या नाड्यांशी, संबंध लावतात, तो नेमका कसा? आणि मूलाधारातला, म्हणजे कण्याच्या तळाच्या चक्रातला, हत्ती म्हणजेच गणपती का?

उत्तर (देवगड): बाजू मूर्तीची धरा, बघणाऱ्याची नव्हे, घोटाळा इथेच होतो. मूर्तीच्या डाव्या हाताकडे वळलेली सोंड ती इडा, चंद्रनाडी. उजवीकडची पिंगळा, सूर्यनाडी. पोटावर आवळलेला नाग म्हणजे कुंडलिनी, मूलाधारात वेटोळं घालून निजलेली शक्ती. घाईत तो नुसता रंगाने काढतात. मातीची वळी लावून फणा उठवून घ्या.

उत्तर (गुहागर): हत्ती वेगळा हो! मूलाधाराच्या पिवळ्या चौकोनात ‘लं’ हे इंद्राचं बीज (बीजमंत्र), म्हणून त्याचं वाहन ऐरावत. तिथली देवता षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या ग्रंथात ब्रह्मदेव आहे. गणपती येतो अथर्वशीर्षातून: ‘त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्’. अजपाजपातही, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपात, दिवसाच्या २१,६०० श्वासांपैकी पहिले ६०० गणपतीचे. ब्रह्मा, विष्णू, रुद्राला प्रत्येकी ६,०००.

उत्तर (देवगड): अगदी बरोबर. आणि गणपतीचं बीज ‘गं’ जपताना ‘गम्’ असं ओठ मिटून तोडू नका. ग, अ, मग अनुस्वार नाकात घुमू द्या. अथर्वशीर्षातलं ‘बिन्दुरुत्तररूपम्’ (बिंदू हे पुढचं रूप) तिथंच कळतं.