मदत हवी आहे: प्रकाशावर फिरणारी मोटर पोरांना कशी दाखवू?
नमस्कार मंडळी, मी सांगलीत बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. डच केमिस्ट बेन फेरिंगांनी 1999 मध्ये केलेली रेणूची मोटर (2016 चं नोबेल) मॉडेल करून दाखवायचीय. यूव्ही प्रकाश पडला की मधला डबल बॉन्ड (दोन कार्बनमधला दुहेरी बंध) सैल होऊन अर्धा भाग वळतो, मग उष्णतेनं दोन्ही भाग एकमेकांवरून घसरून पलीकडं जातात आणि मागं यायची वाट बंद, असं दोनदा झालं की एक फेरा पूर्ण.

सायकलचं फ्रीव्हील फिरवून टकटक ऐकवलं, ते लगेच पटलं. पण त्यात खटका असतो हो, इथं नुसती अणूंची गर्दी आणि मिथाइल ग्रुपची (CH3) बाजू, त्यावरनं दिशा कशी ठरते हे बॉल-स्टिकच्या (गोळे-काड्यांच्या) मॉडेलमध्ये दिसतच नाही, डबल बॉन्डच्या काड्या वळतच नाहीत. कुणी असं मॉडेल केलंय का? काय वापरलं? प्लीज सांगा.