मदत हवी आहे: गाताना हेल बदलावा की राहू द्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, घरात कोकणी. माझी चौदा वर्षांची लेक नाट्यगीतं शिकते. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत परीक्षकांनी गुण कापले, का तर 'उच्चारात कोकणी येते'. घरी येऊन तिनं 'देवा' हा एकच शब्द वीसेक वेळा घोळला, शेवटी रडली.

गंमत म्हणजे हीच पोरगी इंग्रजी गाणं म्हणताना थेट अमेरिकन होते. 'डान्स'चा 'डॅन्स', 'हार्ट'मधला र चांगला वळवून. बोलताना मात्र अस्सल गोंयकार! तेव्हा कोणी गुण कापत नाही. लंडनची गायिका अ‍ॅडेल बोलते आपल्या लंडनी ढंगात, गाताना तो बराच निवळतो. लता मंगेशकरांनीही, दिलीपकुमारांनी उच्चारांवरून टोकल्यावर, मौलवींकडे उर्दूचे धडे घेतले होते.

मला वाटतं घोळ स्वरांचा आहे. कोकणीत ए आणि ओ उघडे-मिटलेले (तोंड जास्त किंवा कमी उघडून म्हटलेले) असे दोन तऱ्हेचे, मराठीत तो भेद नाही. आणि गाण्यात लांबतो तो स्वरच. बोलताना निसटणारी गोष्ट आलापात उघडी पडते. आम्ही सध्या आधी चाल न लावता शब्द वाचतो, रेकॉर्ड करून ऐकतो. थोडा फरक आहे.

पण उच्चार घासता घासता तिचा आवाजच बेतीव होऊ लागलाय. कोणी यातून गेलंय का? कोणता सराव केलात? फोंडा-म्हार्दोळ भागात उच्चारांवर मेहनत घेणारे कोणी गुरुजी किंवा बाई असतील तर कृपया मेसेज करा. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय.