मदत हवी आहे: आईला 'डोंग यी' समजावून सांगायची आहे

मंडळी, रात्री जेवणं उरकली की आई आणि मी 'डोंग यी' ही कोरियन ऐतिहासिक मालिका (२०१०, ६० भाग) बघतो. आईला इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत, मी शेजारी बसून मराठीत सांगते. त्यातला कोरियाचा राजा सुकजोंग १६७४ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्याच साली गादीवर आला, हे कळल्यापासून ती फारच गुंतलीय. राणीला 'जुंगजॉन मामा' म्हटलं की विचारते, बाईला मामा कसं गं? मानाचं संबोधन आहे, एवढं सांगितलं.

अडतंय ते नामिन आणि सोइन या दरबारी गटांपाशी. १६८९ मध्ये राणी इनह्यॉनला पदावरून काढलं, राजाची दुसरी बायको जांग ही-बिन वर आली, १६९४ मध्ये फासे उलटले. हा नुसता सवतीमत्सर नाही. ही-बिनच्या मुलाला वारस ठरवण्याला विरोध केला म्हणून सोंग शी-योलसारख्या वृद्ध विद्वानाला विष दिलं गेलं. काल आईने विचारलं, "एका लेकरापायी एवढी माणसं?" मला नीट सांगता आलं नाही.

या गटांचं भांडण मुळात कशावरून, कुणी सोप्या मराठीत सांगाल का? आणि राजवाड्यात काम करणाऱ्या 'सांगगुंग'ला काय म्हणू? मी 'दासी' म्हणत होते, पण ती तर चांगली हुद्देदार बाई असते!

ही-बिनचा शेवट मात्र लिहू नका, आईही उत्तरं वाचणार आहे.