उन्हाळा आणि आपली कुत्री: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमची मोती ११ वर्षांची आहे, देशी. यंदा मार्चपासूनच दुपारी जिभेची वळकटी बाहेर काढून धापा टाकते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. उन्हाळ्यात बहुतेक उष्णता धापेतून बाहेर टाकायची, म्हणून काळजी वाटते. पुस्तकी सल्ले पुष्कळ वाचले. तुमच्या घरात काय घडलं, काय चुकलं, कशाने बरं वाटलं ते हवं आहे. सविस्तर लिहा.

नागपूरहून

ताई, आमचं चुकलं ते आधी लिहिते. आमचा पग, साडेचार वर्षांचा. मे महिना, संध्याकाळचे सहा. ऊन उतरलं म्हणून फिरायला नेला. डांबर मात्र दिवसभराचं तापलेलं, आणि त्याचं पोट जमिनीपासून वीतभर उंच. शंभर पावलांत तो बसला. लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या लालभडक, उलटी झाली आणि मागचे पाय लटपटायला लागले.

उचलून घरी आणला, नळ सोडला, तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं गरम! शेवटी माठ रिकामा केला. डॉक्टर फोनवर म्हणाले, निघायची घाई करू नका, आधी गार करा. पोट, काखा, जांघा भिजवा, पंखा अंगावर सोडा. मी ओला टॉवेल गुंडाळला होता, तो काढायला लावला. टॉवेल गरम झाला की आतली उष्णता कोंडते. मग गाडीच्या काचा उघड्या ठेवून दवाखान्यात.

तिथे पोचलो तेव्हाही ताप १०५ फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. १०३ वर आल्यावर डॉक्टरांनी पाणी थांबवलं, पुढे अंग जास्त गार पडायची भीती असते. सलाइन लावलं. दोन दिवसांनी मूत्रपिंडाची तपासणी सांगितली, कारण उष्माघाताचा घाव उशिरा दिसतो. वाचला आमचा बाळ्या. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू ही चपट्या नाकाची कुत्री धापसुद्धा धड टाकू शकत नाहीत. आता मे महिन्यात संध्याकाळचं फिरणं बंद. पहाटे पाचला निघतो, आणि तेव्हाही हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघते. मला सोसवलं तरच तो चालतो.

मुंबईहून

नागपूरच्या ताईंना नमस्कार. आमच्याकडे पारा ३४च्या आसपास, म्हणून वर्षानुवर्षं निर्धास्त होतो. पण हवा दमट असली की धापेने लाळ वाळत नाही, आणि वाळली नाही तर कुत्रं गार कसं होणार? आमची लॅब्रॅडॉर न्हाणीघराच्या फरशीवर जाऊन पडायची, आम्ही तिला उठवून गादीवर आणायचो. तिची जागा तिने बरोबर निवडली होती. आता न्हाणीघराचं दार दिवसभर उघडं असतं.

रत्नागिरीहून

आंब्याची कोय. एवढंच सांगायला आलो आहे. बाठे टाकलेली बादली मागच्या पडवीत होती, आमच्या राजाने एक गिळला. दोन दिवस उलट्या, खाणं बंद. आम्हाला वाटलं उन्हाचा त्रास. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली कोय दिसली, पोट उघडावं लागलं. रस काढायला बसलात की बादलीवर झाकण ठेवा. फोड द्यायची तर साल-कोय काढून एखादीच. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत, मूत्रपिंडं जातात.

पुण्याहून

गोचिडांबद्दल कोणीच लिहिलं नाही! उन्हाळ्यात त्यांचा सुळसुळाट असतो. मादी रक्त पिऊन टच्च फुगली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आम्ही नुसतं कुत्र्याला औषध लावत राहिलो, घर तसंच. मग शेराला गोचीडताप आला. सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, प्लेटलेट्स खाली. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस दिलं तेव्हा सावरला. दारांच्या चौकटींमागच्या फटी पुट्टीने बुजवल्यावरच गोचीड आटोक्यात आले.

आणि हो, जर्मन शेफर्डचे केस उन्हाळा म्हणून भादरून घेऊ नका. आम्ही घेतले होते. पाठ उन्हाने सोलली आणि केस ठिगळठिगळ उगवले. रोज विंचरून आतली सुटलेली लव काढली की पुरतं.

धाराशिवजवळच्या खेड्यातून

आमच्या वस्तीवर कारवान जातीचा कुत्रा आहे. सकाळी लिंबाच्या सावलीत साखळीनं बांधायचो आणि रानात जायचो. एकदा दुपारी मधेच परत आलो तर सावली पार सरकलेली, कुत्रं उन्हात, पाण्याची पाटी साखळीच्या पल्ल्याबाहेर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सावली फिरते हे शेतकऱ्याला कळायला नको का? साखळी त्याच दिवशी काढली. आता तो रांजणाच्या बुडाशी, पाझरानं ओल्या झालेल्या मातीत खड्डा उकरून पडतो. आधी त्या खड्ड्यापायी त्याला हाकलायचो, आता मीच सांजसकाळ तिथं तांब्याभर पाणी ओततो.

छत्रपती संभाजीनगरहून

माझ्या घरात कुत्रं नाही, गल्लीत सहा आहेत. फाटकाबाहेर सावलीला सिमेंटची कुंडी ठेवली आहे. स्टीलचं भांडं तापतं, प्लास्टिकचं उलटतं. पाणी दोनदा बदलते, एक दिवसाआड कुंडी घासते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. परवापासून एक कुत्री चार पिल्लं घेऊन येते. कुंडी त्यांना उंच पडते, म्हणून शेजारी मातीची परळ ठेवली आहे.